४० फुटी लाकडी मोटर यॉटचं डिझाइन हातात आलंय, पारखायचं कसं?

जुवारीकाठ
नमस्कार मंडळी. लाकडी मोटर यॉट बांधायचं आता नक्की झालंय आणि डिझायनरकडून पहिली रेखाचित्रं आली आहेत. पुढचे पैसे देण्याआधी जाणत्यांनी एकदा नजरेखालून घालावीत म्हणून हा धागा काढतोय.

एकूण लांबी ४० फूट, पाण्यावरची लांबी ३६ फूट, रुंदी साडेबारा फूट, ड्राफ्ट (पाण्याखालची खोली) पावणेचार फूट. डिस्प्लेसमेंट, म्हणजे बोटीचं वजन, ११ टन लिहिलंय. दोन डीझेल इंजिनं, प्रत्येकी १५० अश्वशक्तीची, वेग १४ नॉट (ताशी १४ सागरी मैल). टाक्या डीझेलला १२०० लिटर, पाण्याला ६०० लिटर. हल, म्हणजे बोटीचं अंग, स्ट्रिप प्लँक पद्धतीचा (अरुंद पट्ट्या जोडून), इपॉक्सी राळ आणि बाहेरून काचेचं कापड. डेक प्लायचं, त्यावर स्क्रूने बसवलेल्या सागाच्या पट्ट्या. केबिनच्या वर फ्लायब्रिज, तिथे आठ जणांची बैठक.

वापर घरचाच. आम्ही चार ते सहा जण. ऑक्टोबर ते मे पणजीहून मालवण, खाली कारवार, कधीतरी मुंबई. एरवी मांडवी आणि जुवारीत. पावसाळ्यात बोट बाहेर काढून ठेवणार.

चित्र सगळ्यांना आवडलंय. पण चित्र आवडणं आणि बोट चांगली असणं यात फरक आहे एवढं कळतं. कागदावर नेमकं काय बघायचं, कुठल्या क्रमाने बघायचं, ते सांगा.

शेवंती_पणजी
किती देखणी आहे! नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, चढत गेलेली कड आणि मागचं मोकळं डेक फार आवडलं. फ्लायब्रिज ठेवाच. संध्याकाळी मिरामारसमोर नांगर टाकून वर बसायला दुसरी जागा नाही. आतल्या मांडणीचं चित्रही टाका ना, स्वयंपाकाची जागा बघायची आहे.

रेषावाचक
जुवारीकाठ दादा, आकडे मोकळेपणाने दिलेत ते फार बरं केलंत. बरेच जण फक्त रंगीत चित्र टाकतात आणि "कशी वाटते" म्हणून विचारतात.

मी बोटींची रेखाचित्रं वाचण्यातच आयुष्य काढलंय, तर माझा क्रम सांगतो. सर्वांत आधी वजन, मग पाण्याखालचा आकार, मग पाण्यावरची उंची, आणि दिसणं शेवटी. दिसण्याला मी कमी लेखत नाही. पण पहिल्या तीन गोष्टी जमल्या की देखणेपणा बहुतेक वेळा आपोआप येतो, आणि त्या नसतील तर रंगाने काही झाकत नाही.

वजनाचं बघा. ११ टन म्हणजे रिकामी बोट की भरलेली? चित्रावर ते लिहिलेलं नाही आणि मला सगळ्यात जास्त तेच खटकलं. डीझेल १२०० लिटर म्हणजे एक टन. पाणी सहाशे किलो. सहा माणसं, त्यांचं सामान, नांगर आणि साखळी, बॅटऱ्या, रबरी होडी, बर्फाच्या पेट्या, हत्यारं. ही बोट प्रवासाला निघेल तेव्हा १४ टनांच्या खाली भरणार नाही.

आता एक सोपं गणित. पाण्यावरची लांबी फुटांत घ्या, तिला शंभराने भागा आणि आलेल्या आकड्याचा घन करा. टनांतलं वजन त्या घनाने भागा. ११ टनांना उत्तर २३५ च्या जवळ येतं, १४ टनांना ३००. बोट लांबीच्या मानाने किती जड आहे ते या आकड्यावरून कळतं. तीनशेच्या आसपासची बोट म्हणजे भारदस्त, संथ चालीची, पाण्यात बसून जाणारी. अशा बोटीत काहीही वाईट नाही, लांब पल्ल्याच्या कितीतरी उत्तम मोटर बोटी याच वर्गातल्या. पण ती १४ नॉटने धावणारी बोट नव्हे.

का ते सांगतो. पाण्यात बसून जाणारी बोट स्वतःच लाट उभी करते आणि त्या लाटेची लांबी वेगाबरोबर वाढते. पाण्यावरच्या लांबीचं वर्गमूळ गुणिले १.३४ एवढ्या नॉटला लाट बोटीइतकी लांब होते. तुमच्या ३६ फुटांचं वर्गमूळ ६, म्हणून ८ नॉट. त्याच्या पुढे जायचं तर बोटीने स्वतःच्या लाटेवर चढायला हवं. त्याला हलकं अंग लागतं आणि मागे सपाट, रुंद तळ लागतो. जड बोटीला तीनशे अश्वशक्ती लावली तर मागचा भाग खाली बसतो, नाळ आकाशाकडे जाते आणि डीझेल लाट उभी करण्यात खर्च होतं.

तुमच्या डिझायनरने मागचा तळ सपाट ठेवलाय आणि ट्रान्समची, म्हणजे मागच्या सपाट भिंतीची, खालची कड पाण्याखाली चांगली आठ इंच बुडालेली दाखवलीय. म्हणजे हल वेगाच्या बोटीचा. वजन मात्र संथ बोटीचं. ही बोट ७ नॉटने चालवली, आणि तुम्ही बहुतेक वेळ तशीच चालवणार, तर बुडालेला रुंद ट्रान्सम मागे भोवरे ओढत राहील. संथ बोटीला मागचा तळ हळूहळू वर उचललेला लागतो, म्हणजे पाणी शांतपणे सुटतं.

म्हणून माझं मत असं, की रेषा हाताला चांगल्या आहेत, पण एका हलमध्ये दोन बोटी कोंबल्यात. आधी ठरवा, ७ नॉटची हवी की १४ ची. तुमचा वापर वाचून मी डोळे मिटून ७ म्हणेन.

मुरगाव_इंजिनरूम
रेषावाचक काकांशी सहमत. मी इंजिनांच्या बाजूने आकडे देतो.

१४ टनांच्या या बोटीला ६ नॉटला साधारण २५ अश्वशक्ती लागेल, ७ ला ४०, ८ ला ६०. डीझेल इंजिन तासाला अश्वशक्तीमागे ०.२ लिटर धरा. ७ नॉटला ताशी ८ लिटर. टाकीचा तळातला दहावा भाग हिशेबात धरायचा नाही, म्हणजे १०८० लिटरमध्ये १३५ तास, नऊशे मैलांच्या वर पल्ला. ६ नॉटला तर बाराशेच्या पुढे.

याच टाक्यांवर तीनशेची तीनशे अश्वशक्ती ओढली तर ताशी ६० लिटर. अठरा तासांत टाकी संपली. १४ नॉट खरोखर मिळाले असं धरलं तरी अडीचशे मैल. पणजी ते मुंबई सव्वादोनशेच्या आसपास आहे. मुंबईला पोहोचाल, पण वाटेत वारा समोरून आला तर हातात काही उरणार नाही.

दुसरं म्हणजे १५० चं इंजिन २० अश्वशक्तीवर तासन्‌तास चालवणं त्याला मानवत नाही. पुरेसं गरम होत नाही, काजळी धरते. ८० ते १०० अश्वशक्तीचं, साधं, टर्बो नसलेलं एकच इंजिन घ्या. खाली मोठा, सावकाश फिरणारा पंखा (प्रोपेलर). मोठ्या पंख्याला जागा हवी, ती आताच रेषांमध्ये ठेवायला लागते. बांधून झाल्यावर काही करता येत नाही.

इंजिनरूमचं चित्र टाका. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना माणूस गुडघ्यावर बसू शकतो का, आणि इंजिन बाहेर काढायचं तर केबिनचं छत तोडावं लागेल का, एवढं मला बघायचंय.

दोनापावला_चार्टर
सगळे एका बाजूला बोलताहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. काका, तुमचं गणित बरोबर आहे, पण बोट कधीतरी विकायचीही असते. गोव्यात घेणारा पहिला प्रश्न विचारतो फ्लायब्रिजचा, दुसरा वेगाचा. ८ नॉटची, फ्लायब्रिज नसलेली लाकडी बोट घ्यायला माणूस शोधावा लागेल.

आणि वेगाला सुरक्षेची बाजू आहे. दुपारी वारा उठायच्या आत बंदरात शिरायचं असेल तर १४ नॉट कामाला येतात. ७ नॉटवाला बाहेरच अडकतो.

रेषावाचक
चार्टर भाऊ, विक्रीचा मुद्दा खरा आहे आणि ज्याला विकायचीच आहे त्याने तो जरूर धरावा. पण मग बोट हलकी बांधा. ७ टनांची, फायबरची किंवा पातळ प्लायची, आत मोजकं सामान. तशी बोट १४ नॉट मजेत करेल. हे जड लाकडी घर घेऊन मात्र वेग मिळायचा नाही, आणि जो मिळणार नाही त्याच्या भरवशावर बंदर गाठायचा बेत आखू नये.

शेवंतीताई, आता फ्लायब्रिज. राग मानू नका, पण मी तो काढायला सांगणार आहे.

आठ माणसं म्हणजे सहाशे किलो. मागच्या डेकवरून ती सव्वादोन मीटर वर फ्लायब्रिजवर गेली की १४ टनांच्या बोटीचा गुरुत्वमध्य साडेनऊ सेंटिमीटर वर सरकतो. ऐकायला थोडं वाटतं. पण अशा बोटीला सरळ ठेवणारं जे अंतर असतं, ज्याला मेटासेंट्रिक उंची म्हणतात, तेच मुळात ६० ते ७० सेंटिमीटर. त्यातला सातवा हिस्सा माणसं नुसती जिना चढल्याने गेला. मग डॉल्फिन दिसला म्हणून सगळे एका कठड्याला धावले की बोट पाच अंश कलते, आणि तीही शांत पाण्यात. बाजूने लाट असेल तर वर बसलेल्यांना खालच्यांपेक्षा कितीतरी मोठा हेलकावा बसतो.

यात खुद्द फ्लायब्रिजचं वजन धरलेलंच नाही. इथला मरीन प्लाय, आयएस ७१० या भारतीय मानकाचा, बहुधा गर्जनचा असतो आणि घन मीटरला सातशे किलोच्या आसपास भरतो. परदेशी चित्रांमध्ये हिशेब असतो ओकुमे या हलक्या लाकडाच्या प्लायचा, तो साडेचारशे ते पाचशे. डिझायनरने कुठला धरलाय ते विचारा. वरच्या बांधकामाचं वजन नकळत दीडपट होतं ते इथेच.

घरी बसून करता येण्यासारखी एक तपासणी सांगतो. बाजूने काढलेलं चित्र आलेखाच्या कागदावर उतरवा. पाण्याच्या रेषेच्या वरचे चौकोन मोजा, हल, केबिन, फ्लायब्रिज सगळं धरून. मग खालचे मोजा. वरच्यांना खालच्यांनी भागा. रॉबर्ट बीबी या अमेरिकन डिझायनरने लांब पल्ल्याच्या मोटर बोटी पारखताना या गुणोत्तरावर फार भर दिला. त्याची स्वतःची ५० फुटी पॅसेजमेकर १९६३ मध्ये सिंगापूरला बांधून झाली आणि तिने महासागर ओलांडले. अशा बोटींना साधारण अडीचच्या वर जाऊ नये. तुमच्या चित्राचं मी मोजलं, २.९ आलं. फ्लायब्रिज खोडला की बरोबर अडीच.

उंच अंगाला वारा धरतो हेही आहेच. जेटीला लावताना दुपारच्या वाऱ्यात ही बोट बाजूला वाहत जाईल.

मालवणी_खलाशी
काका, मस्त लिवलात. आता पाण्यावरचं मी सांगतो.

डिसेंबर ते मे मतलई वारे पहाटे जमिनीवरून येतात, समुद्र सपाट असतो. अकरा-बारानंतर खारे वारे वायव्येकडून सुरू होतात आणि तीन-चारपर्यंत जोर धरतात. पणजीहून मालवणला जायचं म्हणजे नाक वायव्येला, वारा आणि लाट थेट तोंडावर. लाट उंच नसते, पण आखूड आणि उभी असते. बोथट नाळेची बोट तिथे प्रत्येक लाटेला आपटते. १४ नॉटचं स्वप्न अशा पाण्यात कोणीच पाळत नाही, सगळे ७ वर येतात. आम्ही पहाटे चारला निघतो. वेंगुर्ल्याचे खडक तीस-बत्तीस मैलांवर, तिथवर ७ नॉटनेसुद्धा नवाच्या आत पोहोचतो आणि वारा उठायच्या आत मालवण. चार्टर भाऊंना उत्तर एवढंच, की इथे वेगापेक्षा वेळ पाळावी.

हिवाळ्यात कधी कधी वारा नसतानाही वायव्येकडून लांब फुगवटा येतो. अरबस्तानात शमाल वारा सुटला की त्याच्या लाटा आपल्यापर्यंत पोहोचतात. कारवारला जाताना तो मागून तिरका येतो आणि बोट लोळते, म्हणजे दोन्ही कडांना झुलते. म्हणून लोळणं थांबवायची सोय चित्रात आताच हवी.

आणि परत येताना मांडवीच्या मुखाशी आग्वादचा वाळूचा बांध. ओहोटीचं पाणी बाहेर येतंय, लाट मागून आत ढकलतेय, अशा वेळी रुंद ट्रान्सम लाटेने उचलला जातो आणि खोल नाळ पाण्यात रुतते. बोट आडवी फिरायला बघते. शापोऱ्यालाही तेच. तुमच्या चित्रात नाळेचा खालचा भाग फार खोल आहे आणि रडर (सुकाणूची पाती) दोन, पण लहान. मला ते आवडलं नाय.

शेवटचं, जाळी. रात्री दिवा नसलेली जाळी जागोजागी. नदीत खुंटांना बांधलेली वेगळीच. दोन उघडे पंखे म्हणजे दोन्हींत जाळं. एकच पंखा, पुढे पूर्ण लांबीची कील (तळाखालचा कणा), खाली पंख्याच्या टोकापर्यंत पट्टी. मग जाळ्यावरून गेलात तरी बहुतेक वेळा निभावतं.

जुवारीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. खलाशी बाब, एका इंजिनाची एकच भीती वाटते. आग्वादच्या खडकांजवळ ते बंद पडलं तर? बायको हाच प्रश्न विचारते आणि माझ्याकडे उत्तर नाही.

मुरगाव_इंजिनरूम
वहिनींचा प्रश्न रास्त आहे. डीझेल इंजिन समुद्रात बंद पडतं ते बहुतेक वेळा घाण डीझेलमुळे, टाकीत साठलेल्या पाण्यामुळे, नाहीतर थंड करणाऱ्या पाण्याची वाट तुंबल्यामुळे. दोन्ही इंजिनं एकाच टाकीवर असतील तर एकापाठोपाठ दोन्ही बंद पडतात. म्हणून पैसा इथे घाला: दोन स्वतंत्र टाक्या, त्यांच्यामध्ये रोजच्या वापराची एक लहान टाकी, तळाशी पाणी काढायची तोटी, आणि दोन फिल्टर असे की एक चालू असताना दुसरा बदलता येईल. शिवाय नाळेवर नांगर कायम तयार. किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात तो दुसऱ्या इंजिनापेक्षा लवकर कामाला येतो.

तरी मन मानत नसेल तर लहान वीस अश्वशक्तीचं वेगळं इंजिन, वेगळा मिटणारा पंखा. शांत हवेत तीन-चार नॉट मिळतील.

दोनापावला_चार्टर
मी अजूनही दोन इंजिनांच्या बाजूचा आहे. दोन लहान, ५०-५० ची, प्रत्येकाची टाकी वेगळी. जेटीला लावताना एक पुढे एक मागे करून बोट जागेवर फिरते, ते सुख एका पंख्याला नाही. जाळ्यांचा मुद्दा मान्य, पण पंख्यांपुढे लहान कील देता येतात.

मेस्त_दिवाडी
वाचत होतो. वजन आणि इंजिनाचं झालं, लाकडाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्या घरात होड्या बांधायचं काम चालत आलंय.

स्ट्रिप प्लँक पद्धत गोव्यात चांगली जमते याबद्दल शंका नको. नौदलाची शिडाची बोट म्हादेई दिवाड बेटावरच बांधली, लाकडाचा गाभा आणि वर फायबर. २००९ मध्ये पाण्यात गेली. तीच बोट घेऊन दिलीप दोंदे एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले आणि नंतर अभिलाष टॉमी कुठेही न थांबता. तेव्हा हलची मला काळजी नाही. काळजी आहे ती डेकपासून वरची.

लाकडी बोट समुद्राच्या पाण्याने कुजत नाही. खारं पाणी उलट लाकूड राखतं. कुजवतं ते पावसाचं गोडं पाणी, आणि आपल्याकडे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. म्हणून चित्र बघताना मी फक्त एक विचारतो: इथे पडलेला थेंब कुठे जाईल?

तुमच्या चित्रात केबिनची भिंत डेकला जिथे मिळते तिथे नुसता काटकोन आहे. पाणी नेमकं तिथेच उभं राहणार. तिथे सागाची जाड पट्टी उभी हवी, डेकच्या वर दोन-तीन इंच, आणि भिंत तिच्यावर बसायला हवी. खिडक्या मोठ्या आहेत आणि खालच्या कडेला पाणी सुटायला वाट नाही. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात प्लायची कड उघडी राहिली की ती पाणी पिते, दोन पावसाळ्यांत रंगाखाली फुगवटा येतो, हाताचं बोट दाबलं की आत जातं. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या बोटीचं केबिन तिथूनच संपतं.

डेकवर सागाच्या पट्ट्या स्क्रूने बसवलेल्या म्हटलंय. नको. प्रत्येक स्क्रू म्हणजे डेकला एक भोक आणि खाली प्लाय. पट्ट्या हव्याच असतील तर पातळ, इपॉक्सीने चिकटवलेल्या, एकही स्क्रू आरपार नाही. मला विचाराल तर फक्त मागच्या बैठकीपुरत्या ठेवा आणि बाकी डेक फिकट रंगाचं खरखरीत करा. साग उन्हात इतका तापतो की अनवाणी पाय टेकवत नाही. गडद रंग हलला पण देऊ नका. दिवसभर उन्हात तापलेला गडद पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढे जातो आणि साधं इपॉक्सी तिथे मऊ पडू लागतं. पांढरा, नाहीतर फिका पिवळा.

पाण्याखाली जहाजकिडा. मांडवीच्या खारट पाण्यात उघडं लाकूड मिळालं की तो शिरतो आणि बाहेर टाचणीएवढं भोक दिसतं, आत सगळं पोखरलेलं. काचेचं कापड अखंड असेल तोवर तो आत येत नाही. पण कील वाळूवर घासणारच. म्हणून कीलच्या खाली वेगळी जाड फळी लावा, मधे डांबरी थर देऊन, जी खराब झाली की बदलता येईल. ती चित्रात नाही.

एक बारीक गोष्ट, जी फार कमी लोकांना माहीत असते. हलमधून आरपार जाणाऱ्या ब्राँझच्या तोट्यांना तारेने जोडून बाहेर मोठे जस्ताचे तुकडे लावतात. जस्त प्रमाणाबाहेर झालं की तोटीभोवतीच्या लाकडात क्षार तयार होतो आणि लाकूड ओल्या कापसासारखं होतं. धातू वाचवायच्या नादात लाकूड जातं. डिझायनरला वायरिंगचा नकाशा मागा.

पावसाळ्यातलं झाकण कसं करणार तेही आताच ठरवा. पूर्वी होड्यांवर नारळाच्या विणलेल्या झावळ्या घालत. पाऊस अडायचा आणि हवा खेळायची. आता निळी ताडपत्री गच्च बांधतात आणि आत वाफ कोंडते. केबिनच्या दोन्ही टोकांना, नाळेच्या आतल्या खणात, मागच्या खणात, कपाटांच्या दारांना हवा जायला वाट हवी. तुमच्या चित्रात नाळेचा खण पूर्ण बंद आहे.

शेवंती_पणजी
मेस्त काका, हा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे.

रेषावाचक काकांचं फ्लायब्रिजचं गणित वाचलं, पटलं. पण मग सावलीचं काय? एप्रिल-मेमध्ये केबिनमध्ये बसवत नाही. मागच्या डेकवर लाकडी छत न घालता कॅनव्हासचं छत घातलं तर वजन किती कमी होईल?

आतली मांडणी आता बघितली. स्वयंपाकाची जागा इंजिनरूमच्या बरोबर वर आणि तिथे एकही उघडणारी खिडकी नाही. एक गॅस, खाली तापलेलं इंजिन, समोर काच. तिथे दहा मिनिटं उभं राहून कोणी मासे तळून दाखवावेत. उघडणारी खिडकी आणि छतात झरोका हवाच. गॅसची टाकी बाहेर डेकवर, तळाशी बाहेर भोक असलेल्या खणात ठेवा. गॅस हवेपेक्षा जड असतो, आत गळला तर बोटीच्या तळाशी साठतो.

आणि बाजूच्या वाटा. केबिन रुंद करण्यासाठी त्या नऊ इंचांवर आणल्यात. बोट लोळत असताना नांगर टाकायला पुढे जाणारा माणूस त्यातून कसा जाईल? कठडाही गुडघ्याएवढाच दिसतोय.

रेषावाचक
ताई, बाजूच्या वाटा बघायच्या राहूनच गेल्या असत्या, इतका मी रेषांत अडकलो होतो. किमान पंधरा इंच हव्यात आणि कठडा दोन फूट. केबिन दोन्हीकडून सहा इंच आत घेतली की दिसायलाही सुधारेल, बघा. केबिनच्या भिंती जरा आत झुकवल्या तर आणखी.

कॅनव्हास उत्तम. स्टीलच्या पाइपांसकट पन्नास-साठ किलोत होतं. लाकडी छत त्याच्या तिप्पट-चौपट जाईल. सुकाणूची जागा केबिनमध्येच पुढे थोडी उंच करा आणि समोरच्या काचा वरून पुढे झुकलेल्या ठेवा. ऊन थेट आत येत नाही आणि रात्री यंत्रांच्या दिव्यांचं प्रतिबिंब डोळ्यांत येत नाही.

लोळण्याचं: तळाला दोन्ही बाजूंनी लांब अरुंद फळ्या, ज्यांना बिल्ज कील म्हणतात, त्या स्वस्त आणि बिनबोभाट काम करतात. पण आतून जोड भक्कम हवा. शिवाय एक लहान डोलकाठी आणि तिच्यावर छोटं शीड. वायव्येचा वारा बाजूला आला की ते बोटीला धरून ठेवतं.

फोंड्याचा_वाचक
मी बांधणार नाही, पण एक जुनी ३४ फुटी लाकडी बोट विकत घ्यायचा विचार आहे. तिचं एकही चित्र नाही. अशी बोट कशी पारखायची?

रेषावाचक
शांत पाण्यात, दोर सैल सोडून, दोन-तीन माणसांनी कठड्यावर तालात भार देऊन बोट हलवा आणि सोडा. एका कडेवरून परत त्याच कडेवर यायला किती सेकंद लागतात ते मोजा, पाच-सहा फेऱ्यांची सरासरी घ्या. मीटरमधली रुंदी गुणिले ०.८, भागिले ते सेकंद, आणि उत्तराचा वर्ग. साधारण मेटासेंट्रिक उंची मीटरमध्ये मिळते. ३४ फुटीची रुंदी साडेतीन मीटर धरली आणि चार सेकंद लागले तर अर्धा मीटर, ठीक आहे. सहा सेकंद लागले तर वर काहीतरी जड आहे, घेऊ नका.

मेस्त_दिवाडी
आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. ट्रान्समची वरची कड, खिडक्यांचे खालचे कोपरे, नाळेचा खण आणि पाणी साठणाऱ्या प्रत्येक जागेच्या खालचं लाकूड. चांगलं लाकूड टणक वाजतं. भर पावसात एकदा आत बसून बघा, कुठे गळतं ते मालकाला विचारावं लागणार नाही.

जुवारीकाठ
घरी सगळ्यांना बसवून धागा वाचून दाखवला. डिझायनरला पाठवलेल्या पत्राचा मजकूर थोडक्यात: वेग ७ नॉट, वजन भरलेल्या अवस्थेत १४ टन धरून हल नव्याने, मागचा तळ उचललेला आणि नाळेचा खालचा भाग उथळ. ९० अश्वशक्तीचं एक इंजिन, पूर्ण कील, मोठं रडर, कीलखाली बदलता येणारी फळी. फ्लायब्रिज नाही, कॅनव्हास छत. बाजूच्या वाटा पंधरा इंच. डेकला स्क्रू नाहीत. डोलकाठी आणि बिल्ज कील. इथला प्लाय धरून वजनांचा तक्ता.

चार्टर भाऊ, दोन इंजिनांवर घरात अजून एकमत नाही. वीस अश्वशक्तीच्या दुसऱ्या इंजिनाची जागा रिकामी ठेवायला सांगितलीय.

आणखी काही राहिलं का?

रेषावाचक
वजनांचा तक्ता आला की इथे टाका, त्यात "इतर" म्हणून किती धरलंय ते मला बघायचंय. दहा टक्क्यांपेक्षा कमी असेल तर परत पाठवा.

बांधणी सुरू झाली की यार्डात येणारी प्रत्येक वस्तू वजन करूनच आत घ्या, प्लायच्या तावापासून तोट्यांपर्यंत, आणि वहीत लिहा. नाळेवर आणि ट्रान्समवर दोन्हीकडे ड्राफ्टच्या खुणा कोरून घ्या, नुसत्या रंगवू नका. पाण्यात उतरल्यावर रिकामी असताना वाचा, टाक्या भरून वाचा. मागच्या खुणेवर बोट दोन इंचांपेक्षा जास्त बसलेली दिसली तर आतलं सामान बसवायच्या आधी मला कळवा, बॅटऱ्या आणि पाण्याच्या टाक्या पुढे सरकवता येतील.